मुरूम आणि त्वचेची भिंत

मुरूम म्हणजे चेहऱ्यावरची घाण, असं आपण गृहीत धरतो आणि साबणाने घासत सुटतो. पण मुरूम होतो रोमछिद्राच्या आत. तिथे तेल साचतं, मृत पेशींनी तोंड बुजतं, जंतू वाढतात, सूज येते. घासून तिथवर आपण पोचतच नाही. झिजतो तो वरचा थर. हा थर विटा-चुन्याच्या भिंतीसारखा असतो: पेशी विटा, मधली स्निग्धद्रव्यं चुना. त्याचा सामू ५ च्या आसपास, साध्या साबणाचा ९ ते १०. म्हणजे चुनाच धुपतो.

आता, औषधंही ही भिंत थोडी दुखावतात. म्हणून फॅमिली डॉक्टरांनी बेताने सुरुवात करावी. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं बहुधा पुरतं. १० टक्क्यांनी आग मात्र वाढते. अ‍ॅडापलीन रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, आधी एक दिवसाआड, गर्भारपणात नको. सोबत छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर.

आणि गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगावं. न सांगितलं तर काय होतं? दुसऱ्या आठवड्यात चेहरा चुरचुरतो, मुलगी औषध सोडते आणि दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम आणते. चार दिवस चेहरा उजळतो, मग मुरूम दुप्पट जोराने उठतात. दोन मिनिटांचं बोलणं हेही औषधच आहे, असं आपण का मानू नये?