होळकरांच्या घाटातली मीटरगेज

देवास जिल्ह्यातलं उदयनगर विंध्याच्या डोंगरांत आहे. त्याच रांगेत, पश्चिमेला महूजवळ, पाताळपाणी ते कालाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा जिवंत रेल्वे-इतिहास आहे. 25 डिसेंबर 2018 रोजी इथे वारसा गाडी सुरू झाली.

हा तुकडा मूळच्या खंडवा-इंदूर रेल्वेचा. त्या रेल्वेसाठी इंदूरचे संस्थानिक तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी 1870 च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावं, ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी!

पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात माळव्याचं पठार निमाडात उतरतं. चढ 1:40, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावर हे काहीच नाही. पण पोलादी चाक पोलादी रुळाला जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकतं. म्हणून तर गाडी कमी ताकदीत धावते, आणि म्हणूनच चढावर घसरते. पावसात रूळ ओले झाले की पकड आणखी सुटते. इंजिनाच्या चाकापुढे रुळाकडे वळलेली बारीक नळी शोधा: तिच्यातून वाळू सोडून पकड मिळवतात. जड गाडीला मागून दुसरं इंजिन रेटा देत असे.

मीटरगेज म्हणजे रुळांमधलं अंतर फक्त एक मीटर, त्यामुळे तीव्र वळणं घेता येतात. त्याहून रुंद ब्रॉडगेजसाठी मात्र कमी चढाचा वेगळा मार्ग आखला गेला. म्हणून हा जुना तुकडा वाचला.

पावसाळ्यात जा, पण निघण्यापूर्वी गाडीचे दिवस रेल्वेकडून पक्के करून घ्या.