शंभर चेंडू झाले, आता बस!

१७ मे २०२४. शिकागोचं रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं जुनं, नावाजलेलं मैदान. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पॉल स्कीन्स चेंडू फेकतोय. वय २१, उंची साडेसहा फूट आणि मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला हा त्याचा दुसराच सामना! सहा इनिंग संपल्या, तरी शिकागो कब्जच्या एकालाही त्याच्या चेंडूवर हिट मिळालेली नाही. अकरा वेळा तर बॅटर स्ट्राइकवर स्ट्राइक खाऊन बाद झाला, म्हणजेच स्ट्राइकआउट. आणि अशा ऐन रंगात संघाने त्याला बाहेर बसवलं.

का बरं? त्याचे १०० चेंडू टाकून झाले होते. बरोब्बर शंभर.

आहे की नाही गंमत? आपल्याकडे एखादा गोलंदाज असा पेटला असता, तर कप्तानाने त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला असता का?

हे कोडं सोडवायचं तर आधी चेंडूकडे बघू. बेसबॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असतो, १४५ ग्रॅमच्या आसपास. पांढरं कातडं, लाल शिवण. आजीच्या जपमाळेत मणी किती असतात? १०८. या चेंडूवर टाकेही तेवढेच, १०८ जोडटाके, आणि तेही हाताने घातलेले!

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा म्हणजे पिचर. तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावरून एकच लांब पाऊल टाकतो आणि सपकन चेंडू सोडतो. स्कीन्सचा जोरदार चेंडू ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर वेगाने सुटतो. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात हाच वेग गाठला होता, पण लांबलचक रनअप घेऊन. अर्थात पिचरला कोपर वाकवून झटका द्यायची मुभा असते, आपल्या गोलंदाजाला नसते. तेव्हा उगाच दोघांची कुस्ती लावायला नको.

आता पेन्सिल घ्या. १६१ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४५ मीटर. पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर १८.४४ मीटर, त्यातले दोनेक मीटर पिचरच्या लांब पावलातच संपतात. भागाकार करा, वाटेत हवा चेंडूला थोडं मागे ओढते तेही धरा. उत्तर येतं ०.४ सेकंद. त्यातला ०.१५ सेकंद तर बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू बघायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं!

त्यात चेंडू सरळही येत नाही. ०.४ सेकंदात गुरुत्वाकर्षण कुठल्याही वस्तूला सुमारे ७८ सेंटिमीटर खाली खेचतं. पण पिचरची बोटं चेंडूला उलटी फिरकी देतात, सेकंदाला पस्तीस-चाळीस फेरे. फिरणारा चेंडू आणि त्याची शिवण मिळून मागची हवा खाली ढकलतात, मग हवा चेंडूला वर रेटते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यामुळे चेंडू अपेक्षेपेक्षा बराच कमी खाली येतो आणि बॅटरला वाटतं, हा वर उसळला की काय! स्कीन्सकडे ‘स्प्लिंकर’ नावाचं आणखी एक अस्त्र आहे. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा हा चेंडू शेवटच्या क्षणी बॅटच्या खालून निसटतो.

आणि हा पठ्ठ्या सुरुवातीला नुसता पिचरही नव्हता! अमेरिकेच्या एअर फोर्स अकादमीत शिकताना तो कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा होता, फलंदाजीही जोरात करायचा आणि मध्येच पिचिंगही. दोन वर्षांनी तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला आणि पिचिंगच धरून बसला. २०२३च्या त्या एका हंगामात त्याने २०९ स्ट्राइकआउट केले, संघ कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकला आणि स्कीन्स स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुलैमध्ये मेजर लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा पायरेट्सने पहिलंच नाव त्याचं घेतलं. करारावर सही करण्याचे ९२ लाख डॉलर!

मग लगेच मोठ्या मैदानात? छे! मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात. त्या वर्षी स्कीन्सला तिथे मिळून सात इनिंगसुद्धा फेकू दिल्या नाहीत. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला सात सामने, त्यातही सरासरी चारपेक्षा कमी इनिंग. मग कुठे ११ मे २०२४ला पिट्सबर्गमध्ये तो मेजर लीगचा पहिला सामना खेळला.

एवढी जपणूक कशाची? कोपराची. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड बांधून ठेवणारा एक छोटासा अस्थिबंध असतो. प्रत्येक जोरदार फेकीला त्याच्यावर मोठा ताण येतो. स्नायू व्यायामाने दणकट होतात, अस्थिबंध तसा फारसा होत नाही. तो फाटला की पूर्वी पिचरची कारकीर्दच संपायची. १९७४मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले! आज त्या शस्त्रक्रियेलाच टॉमी जॉन म्हणतात. जेकब डिग्रॉम हा दुसरा कॉलेजवीर २०१०मध्ये २७२व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच वर्षी त्याला ती करून घ्यावी लागली. मेजर लीगला पोचला तो २०१४मध्ये, आणि पुढे दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला.

याच पायरेट्सने २००८मध्ये आपल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशीही करार केला होता. मायनर लीगच्या पायऱ्यांवरून मात्र ते वर पोचू शकले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात उतरला. टीव्हीवरचा ‘वीर महान’ तो हाच!

स्कीन्सने २०२४मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला आणि २०२५मध्ये साय यंग पुरस्कारही, तोही एकमताने. माझ्या मते यात त्याला वेळेवर बाहेर बसवणाऱ्यांचाही वाटा आहे.

अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंचीच परवानगी असते, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. तेव्हा नेटमध्ये घाम गाळणाऱ्या फास्ट बोलरांनो, कोपर किंवा खांदा दुखला तर लपवू नका, सरांना त्याच दिवशी सांगा.