फ्लॉपीतला कुलवृत्तांत आणि यंत्राची निगा

दफ्तर कसे जपावे हे बडोद्याच्या मराठी माणसाला शिकवण्याची गरज नाही. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात अशी घरे आहेत की जेथे पणजोबांच्या काळचे मोडी कागद रुमालात बांधलेले, वेखंडाच्या कांड्यांसह अजून नीट सापडतात. प्राच्यविद्या मंदिरातल्या पोथ्यांची तर गोष्टच वेगळी. पण याच घरांतल्या कपाटात दुसरेही एक दफ्तर आहे, आणि त्याचे आयुष्य पोथीच्या मानाने फारच थोडे. ते म्हणजे फ्लॉपीचे.

१९९० च्या सुमारास छपाईची जुळणी संगणकावर होऊ लागली, आणि हौशी वडीलधाऱ्यांनी कुलवृत्तांत, वंशावळी, आजीच्या आठवणी संगणकावर उतरवून घेतल्या. काही छापल्या गेल्या, काही राहूनच गेल्या. लिहिणारे आता नाहीत. उरली आहे ती साडेतीन इंची चौकोनी डबी. आयबीएमने १९७१ साली फ्लॉपी बाजारात आणली, सोनीने साडेतीन इंची रूप १९८१ मध्ये दिले आणि २०११ मध्ये विक्री बंद केली. तेव्हा वाचणारे यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, आता जुनेच मिळवायचे आणि तेच राखायचे.

येथे घाई करू नये. ड्राइव्ह मिळाली की लगेच फ्लॉपी आत सारण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच घातक. फैयाज खांसाहेबांची तबकडी लावताना प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई घालणारी पिढी ज्यांनी पाहिली, त्यांना कारण सांगावे लागणार नाही. फ्लॉपीत पातळ प्लास्टिकची चकती असते, तिच्यावर चुंबकीय लेप. ती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि वरखाली दोन हेड तिला प्रत्यक्ष टेकून वाचतात. एका इंचात १३५ माग इतकी ती रेघ बारीक. हेडवर वाळलेला मळ असला, तर तो लेप खरवडून काढतो. खरवडलेला मजकूर कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

दुसरा शत्रू आपल्या पावसाळ्याचा: बुरशी. डबीचे धातूचे झाकण हलकेच सरकवून चकती उजेडात फिरवून पाहावी. पांढुरके ठिपके दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये. एका फ्लॉपीची बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या ओरबाडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, त्यात भिजलेल्या फ्लॉप्या असतील तर त्याही अशाच बाजूला ठेवाव्यात. डबी उकलून चकती शुद्ध पाण्यात धुवावी, सावलीत सुकवावी आणि दुसऱ्या स्वच्छ डबीत घालावी. उन्हात वाळवणे नको. पापड आणि फ्लॉपी यांत एवढा फरक राहू द्यावा.

आता ड्राइव्ह. वरचे पत्र्याचे आवरण काढले की दोन हेड दिसतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, शक्य तितके निर्जल, आणि हलक्या हाताने पुसावे. वरचे हेड नाजूक पट्टीवर बसवलेले असते, ते फार उचलू नये. पट्टी एकदा वाकली की यंत्र संपले. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय फ्लॉपी घालू नये. हेड मागेपुढे नेणाऱ्या मळसूत्रावरचे ग्रीस वर्षांनी घट्ट होते. ते पुसून हलक्या ग्रीसचा एक ठिपका पुरे. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली मात्र दूर ठेवावी, कारण ओघळलेले तेल चकतीवरच जाते. फ्लॉपी अडकली तर ओढू नये. झाकण हेडमध्ये अडकलेले असते आणि ओढल्यास हेडच उखडते.

मग पहिली चाचणी निरुपयोगी फ्लॉपीवर. ती वाचून बाहेर आल्यावर चकतीवर नवा गोल ओरखडा दिसला, तर हेड अजून मळके आहे. वृत्तांताची फ्लॉपी घालण्यापूर्वी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही. फायली एकेक काढत न बसता सबंध फ्लॉपीची प्रतिमा एकाच वेळी घ्यावी. सव्वापाच इंची मोठी फ्लॉपी असेल तर यूएसबीची बाहेरची साडेतीन इंची ड्राइव्ह उपयोगाची नाही; तिला त्याच मापाची ड्राइव्ह लागते.

एवढे करूनही पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरू नये. श्रीलिपी, आकृती, सी-डॅक यांच्या जुन्या फाँटांत प्रत्येकाची अक्षरमांडणी निराळी होती, ती आज युनिकोडात बदलून घेता येते. मोडीप्रमाणेच येथेही वळण ओळखावे लागते, आणि त्यासाठी मूळ फाँटचे नाव हवे. ते बहुधा त्याच डब्यातल्या दुसऱ्या एखाद्या फ्लॉपीच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. म्हणून मजकूर सापडला, असे समजून बाकीच्या फ्लॉप्या रद्दीवाल्याला देऊ नयेत.