गाडीतलं भजन, पार्किंगमधला बँजो

मुंबईत बेंजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक आठवते. टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचं ते वाद्य म्हणजे खरं तर बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात जन्मला. अमेरिकेतला बँजो निराळा. गोल कड्यावर चामडं ताणलेला, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपल्याकडच्या वाद्यांच्या आठवणीवर घडवलेला. नाव एक, कुळं दोन. पण मला इथे वाद्यांचं नातं जुळवायचं नाही. ती वाजवायला माणसं कशी जमतात, ते पाहायचं आहे.

अमेरिकेतला हा बँजो ज्यात वाजतो त्या ब्लूग्रास संगीताला नाव पडलं बिल मन्रो या केंटकीच्या मँडोलिनवादकाच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या ताफ्यावरून. 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज त्यात आला आणि त्याच्या तीन बोटांच्या बँजोने या संगीताला धावती चाल दिली. 1965 च्या सप्टेंबरात कार्लटन हेनी याने व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळ, घोड्यांच्या एका फार्मवर, या संगीताचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव भरवला. तेव्हापासून अशा महोत्सवांची खूण मंचावर कमी आणि मंचामागे जास्त दिसते. तंबूंच्या मधे, गाड्या लावलेल्या मैदानात, पाच-सहा जण कोंडाळं करून उभे राहतात. एकमेकांची नावंही ठाऊक नसतात. कोणी तरी गाणं आणि पट्टी सांगतो, सुरू होतं. गाणाऱ्यावर कुरघोडी करायची नाही. मान हलवून इशारा झाला की आपली फेरी वाजवायची आणि पुढच्याला द्यायची. संपवायचं असेल तर एक पाय वर उचलायचा. बहुतेक गाणी तीन कॉर्डमध्ये मावतात, म्हणून नवखाही दुसऱ्या कडव्याला घुसू शकतो.

हे वाचताना भाईंदरच्या माणसाला काही परकं वाटणार नाही. त्याचं मैदान लोकलच्या डब्यात असतं, एवढंच.

भाईंदर ते चर्चगेट सुमारे 43 किलोमीटर, गाडीत तासभर. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 5,20,388 होती, 2011 मध्ये 8,09,378. यातली असंख्य माणसं रोज सकाळी दक्षिणेकडे जातात. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभे प्रवासी, असा हिशेब मांडला जातो. अशा जागेत टाळ काढायलाही कोपर हलवावं लागतं, आणि कोपर हलवायचं तर शेजाऱ्याची परवानगी हवी. तरीही भजन होतं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. पखवाज किंवा ढोलकी मांडीवर, जागा नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ठेका. बुवा ध्रुपद उचलतात, झीलकरी ते झेलतात. ज्याला सूर सापडत नाही त्याला टाळ देतात. टाळही चुकला तर टाळ्या आहेतच.

ही सोय अभंगाच्या घडणीतच आहे. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरं 6, 6, 6 आणि शेवटी 4. ध्रुपद पुन्हा पुन्हा येणार. शब्द पाठ नसले तरी तिसऱ्या फेरीला ओठ आपोआप हलतात. तीन कॉर्ड काय आणि साडेतीन चरण काय, दोन्हीकडे रचना मुद्दामच सोपी ठेवलेली आहे, म्हणजे आत शिरायला उंबरठा राहत नाही. बैठकीतल्या ख्यालाला हे जमत नाही, आणि त्याने ते करूही नये.

रेल्वेत हे आलं कुठून? पंढरीच्या दिंडीत आधीपासून होतं. विणेकरी, मृदंगी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा आणि पायाखाली सरकणारी वाट. चालता चालता गाण्याची ही सवय शतकांची आहे. घाटावरून आणि कोकणातून मुंबईत आलेल्या गिरणी कामगारांनी ती चाळींत आणली. सिंधुदुर्गाकडच्यांनी डबलबारी आणली. त्यात दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून सवाल-जवाब करतात. त्यातली चुरस सामन्याची, आणि तीही गावच्या गप्पांना वर्षभर पुरणारी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगाव विस्कटत गेलं आणि कितीतरी कुटुंबं परळ-लालबाग सोडून विरार, भाईंदर, डोंबिवलीकडे सरकली. चाळीचा जिना मागे राहिला. रोजचा तास मात्र हाताशी होता, आणि तो गाडीत होता.

महिलांच्या डब्यात वेगळा थाट. भजन तिथेही होतं, पण सोबतीला अंताक्षरी, नवरात्रात त्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या, संक्रांतीनंतर हळदीकुंकू. दसऱ्याच्या सुमारास डब्यांना झेंडूच्या माळा लागतात, गाडीचीच पूजा होते. शस्त्र म्हणून आपण गाडी पूजतो, हे मला फार बोलकं वाटतं.

तक्रारीही आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. रात्रपाळी करून घरी निघालेल्याला डोळा लावायचा असतो. कुणाची परीक्षा असते. कुणाला मुळात देवाचं नाव नको असतं. मंडळाच्या नावाखाली जागा अडवून ठेवणं तर मला कधीच पटलं नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 145 मध्ये उपद्रवाला दंड आहे, आणि भजनाचा उपद्रव कुठे सुरू होतो हे डब्यातल्या कुणालाही नेमकं सांगता येत नाही. ब्लूग्रासच्या तळावर कंटाळलेला माणूस उठून आपल्या तंबूत जातो. बोरिवली-अंधेरीच्या मधे उठून जायला जागा नसते. म्हणून इथला चांगला बुवा आवाजाचा अंदाज आधी घेतो, सुराचा नंतर.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या. सर्वसामान्यांना त्या फेब्रुवारी 2021 मध्ये ठरावीक वेळांपुरत्या खुल्या झाल्या, आणि लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना 15 ऑगस्ट 2021 पासून. एवढा काळ या गायनाचं सभागृहच बंद होतं. त्याआधी, 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल आली होती. तिची दारं बंद, खिडक्या बंद. तिथे आवाज जास्त घुमतो, आणि माणसं कानांत इअरफोन घालून बसतात.

साध्या गाडीत मात्र वेळ उतरण्याच्या स्टेशनांवरून मोजली जाते. दादर जवळ आलं की भैरवी, हे बुवांना घड्याळ न बघता कळतं. पखवाजवाला आधी उतरणारा असेल तर तो वाद्य खोळीत घालतो, गळ्यात अडकवतो आणि दाराकडे सरकतो. उरलेल्यांपैकी कुणीतरी तळहात पत्र्यावर टेकवतो, आणि ठेका न चुकता पुढे जातो.