उघड्या घोड्याची बंदूक

जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने रचलेली आणि विंचेस्टर कंपनीने 1897 पासून 1957 पर्यंत दहा लाखांहून अधिक संख्येने घडविलेली ‘मॉडेल 1897’ ही छऱ्यांची बंदूक हाती घेणाऱ्या आधुनिक इसमास प्रथम चकित करणारी गोष्ट ही, की तिच्यावर सुरक्षेची स्वतंत्र कळ कोठेच नाही. ती सारी जबाबदारी मागे उघड्यावर दिसणाऱ्या घोड्यावर सोपविलेली आहे. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली म्हणजे रिकामे काडतूस बाहेर पडून घोडा चढतो, पुढे ढकलली म्हणजे नवे काडतूस कोठीत दाखल होते. बार न उडविता यंत्रणा उघडावयाची झाल्यास उजव्या अंगाची लहान कळ दाबावी लागते.

पूर्ण चढलेला आणि पूर्ण उतरलेला यांमधील खाचेत घोडा अडकविला असता चाप व मूठ दोन्ही जखडली जातात, आणि हीच काय ती सुरक्षा. परंतु भरलेल्या कोठीवर चढलेला घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून, हळूहळू त्या खाचेत उतरविणे मोठ्या जोखमीचे. थंडीने बधिरलेला अंगठा निसटला की बार उडालाच, सबब कोठी रिकामी ठेवणे हाच शहाण्यांचा दस्तूर, आणि खाच जुनी व झिजलेली असल्यास तर विचारावयासच नको.

शिवाय चाप दाबून धरला असता मूठ पुढे जाताक्षणीच पुढचा बार उडतो. पहिल्या महायुद्धातील खंदकांत अमेरिकन सैनिकांना हा गुण वाटला (अशा बंदुकांविरुद्ध जर्मन सरकारने 1918 साली रीतसर निषेधही नोंदविला). रानात मात्र तोच घातक ठरतो, कारण नव्या बंदुकांवर सरावलेले बोट चापावरून सहसा उठत नाही.