आई गेलेलं पिल्लू कसं जगवायचं, आणि कोंबडी जाऊच नये म्हणून काय करायचं



आज कांदा नाही, ऊस नाही. आजचा मेसेज परसातल्या कोंबडीवर आहे. मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगितलंय.

आमच्या आईची एक काबरी कोंबडी होती, चार वर्षांची. आईचा आवाज आला की शेजारच्या परड्यातून पळत यायची. मागच्या उन्हाळ्यात ती नऊ अंड्यांवर खुडूक बसली होती. अठराव्या दिवशी तिनं दाणा सोडला. हिरवट पातळ हगवण सुरू झाली, पंख लोंबले. विसाव्या दिवशी मान पिरगळली आणि संध्याकाळी ती गेली. त्याच आठवड्यात बाकीच्या चारही गेल्या. आईनं अंडी टाकू दिली नाहीत. कापडात गुंडाळून खोक्यात बल्बखाली ठेवली. दोन दिवसांनी एकातून पिल्लू निघालं. नवातलं एकच.

मी गावोगाव सल्ला देत फिरतो, पण घरच्या पाच कोंबड्यांना लस दिलेली नव्हती. "पाच कोंबड्यांसाठी शंभराची बाटली कोण आणणार?" असं मीच म्हणत होतो. आई त्यावर काही बोलली नाही, पण दोन दिवस नीट जेवलीही नाही.

*रोग कोणता?*
आपण मानमोडी म्हणतो तोच राणीखेत. इंग्लंडात न्यूकॅसलला १९२६ साली सापडला म्हणून जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात. आपल्याकडे उत्तराखंडातल्या राणीखेतवरून नाव पडलं. हा विषाणूचा रोग आहे. त्यावर औषध नाही. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिक गोळीनं विषाणू मरत नाही. विष्ठा, नाका-तोंडातला स्राव, चपला, खाद्याची पोती, बाजारातून आणलेली नवी कोंबडी, यातून तो पसरतो. उपाय एकच, आधी लस.

*पिल्लू कसं जगवलं?*

१) *जागा.* रोग झालेल्या खुराड्यात पिल्लू अजिबात नेऊ नका. घरात वेगळं खोकं करा. तळाला भाताचं तूस आणि त्यावर पहिले काही दिवस गोणपाट. नुसता गुळगुळीत पेपर टाकला तर पाय घसरून फाकतात आणि कायमचे अधू होतात.

२) *ऊब.* आईच्या पंखाखालची ऊब आपण द्यायची. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळ ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. जुना पिवळा बल्ब लावा, एलईडीनं ऊब मिळत नाही. बल्ब तूस, कापड आणि पुठ्ठ्यापासून लांब, पक्का बांधा, नाहीतर आग लागेल. थर्मामीटर नसेल तर पिल्लाकडं बघा. बल्बखाली अंग चोरून ओरडत असेल तर थंडी वाजतेय. चोच उघडून कोपऱ्यात पळत असेल तर गरम होतंय. निवांत फिरत, खात असेल तर बरोबर आहे. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.

३) *पाणी आणि दाणा.* अंड्यातून निघताना पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर पिल्लू दोनेक दिवस तग धरतं. म्हणून पहिल्या काही तासांत खाल्लं नाही तरी घाबरू नका. आधी कोमट पाण्यात थोडा गूळ घालून चोच हळूच बुडवून दाखवा. बशी उथळ घ्या आणि आत खडे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं. पहिले दोन दिवस मक्याचा बारीक भरडा, नंतर पिल्लांचं तयार खाद्य. त्यात साधारण २० टक्के प्रथिनं लागतात. नुसत्या ज्वारी-बाजरीच्या कणीवर वाढ खुंटते.

४) *सोबत.* पहिल्या एक-दोन दिवसांत जे जवळ हलताना दिसेल त्यालाच पिल्लू आई मानतं. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञांच्या मागं हंसाची पिल्लं अशीच चालायची. त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. आमचं पिल्लू आईच्या पायात पायात फिरायचं. एकटं पिल्लू रात्रभर ओरडतं. आम्ही खोक्यात छोटा आरसा आणि जुनं लोकरी टोपरं ठेवलं, तेव्हा गप्प झोपलं. दुसरी खुडूक कोंबडी असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत रात्री अंधारात पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवता येतं. पण घरात मानमोडी झाली असेल तर हे करू नका, रोग शेजाऱ्याकडं जाईल.

५) *स्वच्छता.* मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट ओल्या फडक्यानं हळू पुसा. ओढू नका. हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं धुवा.

*मेलेल्या कोंबडीचं काय?*
ओढ्यात, नीरेत, कालव्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्डा, वर चुना, मग माती. खुराडं खरवडून चुना मारा आणि काही आठवडे मोकळं ठेवा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लपवू नका. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. नुसतं बघून राणीखेत आणि बर्ड फ्लू यातला फरक सांगता येत नाही. तपासणी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. आपल्या शिरवळमध्येच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येईल.

*लस कधी?*
▪️ ५ ते ७ दिवस: लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
▪️ चौथा आठवडा: लासोटा पुन्हा
▪️ सहावा आठवडा: देवीची लस
▪️ आठवा आठवडा: राणीखेतची आर-टू-बी, टोचून
गंबोरो आणि पुढचे डोस डॉक्टरांना विचारून. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. बाटली २ ते ८ अंशांत, बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची. उन्हात राहिली की वाया. मिसळल्यावर तास-दीड तासात संपवायची.

*आता तुमचं काम* 👇
बाटली शंभर पक्ष्यांची, आपल्या घरी पाच-दहा. त्यामुळं कुणीच आणत नाही आणि दर उन्हाळ्यात परडं रिकामं होतं. अंड्यांचा तो पैसा घरातल्या बाईच्या हातचा असतो. म्हणून या नंबरवर एवढंच लिहून पाठवा: *गाव, आळी, कोंबड्या किती, पिल्लं किती.* रविवारपर्यंत पाठवा. शिरवळ, विंग, भादे, पळशी, नायगाव, जिथं एका आळीत शंभर जमतील तिथं डॉक्टरांना विचारून लसीचा एक दिवस ठरवू.

ते पिल्लू जगलं. तलंग आहे, आईसारखीच काबरी. सगळ्या लसी वेळेवर झाल्या. गेल्या महिन्यात तिनं पहिलं अंडं घातलं. आईनं ते खाल्लं नाही, कुणाला खाऊही दिलं नाही. कणगीवर ठेवलंय.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, शिरवळ
(घरात कोंबड्या असतील त्यांना हा मेसेज वाचून दाखवा.)