ऐकून-सवरून दिलेलं मत

मनिला, जून 2025

13 फेब्रुवारी 2025 रोजी फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी आपल्या पक्षाच्या सिनेट उमेदवारांच्या प्रचारसभेत एक हिशेब मांडला. आपली माणसं निवडून यायची तर जागा रिकाम्या व्हायला हव्यात. मग पंधराएक सिनेटर मारून टाकले, बॉम्बने उडवले, की काम झालं! सभागृहात हशा पिकला. सभा क्लब फिलिपिनोत होती. मार्कोस यांची हुकूमशाही उलथली तेव्हा, 25 फेब्रुवारी 1986 रोजी, कोराझोन अक्विनो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती याच वास्तूत.

दुसऱ्या दिवशीपासून निषेध, खुलासे, तक्रारी हे सगळं रीतसर झालं. 12 मे रोजी मतदान झालं. सिनेटच्या बारा जागांसाठी सर्वाधिक मतं बाँग गो यांना मिळाली. ते दुतेर्ते यांचे वर्षानुवर्षांचे खासगी सहायक. तिसऱ्या क्रमांकावर रोनाल्ड देला रोसा, म्हणजे दुतेर्ते यांचे पोलिसप्रमुख. दुसऱ्या क्रमांकावर मात्र बाम अक्विनो, दुतेर्तेविरोधी उदारमतवादी गोटातले. एका मतपत्रिकेवर बारा नावांपुढचे गोल काळे करता येतात, आणि इथला मतदार ते करताना कुणाचीही री ओढत नाही. इथलं राजकारण समजून घ्यायचं तर आधी हे ध्यानात घ्यावं लागतं.

मॅगसेसे पुरस्कारामुळे मनिला हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. आखातात राहून आलेल्यांना तर फिलिपिनो नर्स आणि मॉलमधल्या विक्रेत्या चांगल्याच आठवत असतील. मृदू बोलणाऱ्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या या लोकांनी भर सभेत आईवरून शिव्या देणाऱ्याला देशाच्या सर्वोच्च पदावर बसवलं कसं, हा प्रश्न मला मुंबई-पुण्याच्या प्रत्येक पाहुण्याने विचारला आहे.

2016 च्या निवडणुकीकडे मागे जाऊन पाहायला हवं. उमेदवारी स्वीकारतानाच, नोव्हेंबर 2015 मध्ये, दुतेर्ते यांनी पोप फ्रान्सिस यांना शिवी घातली. कारण काय, तर पोप आले तेव्हा मनिलाची वाहतूक ठप्प झाली आणि आपण तासन् तास अडकलो. देशात दहापैकी आठ माणसं कॅथलिक! बिशप संतापले. दुतेर्ते यांनी माफी मागितली आणि यापुढे दर शिवीमागे चर्चच्या धर्मादाय संस्थेला हजार पेसो देईन, असं जाहीर केलं.

एप्रिल 2016 मधलं वक्तव्य मात्र अंगावर काटा आणणारं होतं. 1989 साली दावाओच्या तुरुंगात कैद्यांनी ओलीस धरलेल्या एका ऑस्ट्रेलियन मिशनरी महिलेवर बलात्कार झाला, तिचा खून झाला. दुतेर्ते तेव्हा तिथले महापौर होते. क्वेझोन सिटीच्या सभेत त्यांनी तो प्रसंग सांगितला आणि ती इतकी सुंदर होती की महापौराचा नंबर आधी लागायला हवा होता, असं म्हणाले. ती चित्रफीत आजही पाहता येते. मला त्यातल्या वक्त्यापेक्षा समोरचा हशा अधिक अस्वस्थ करतो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या राजदूतांनी नापसंती दाखवली, तर तोंड बंद ठेवा, असं त्यांना सुनावण्यात आलं.

सोशल वेदर स्टेशन्स या इथल्या नामांकित संस्थेने त्याच आठवड्यात, 18 ते 20 एप्रिलला, मतदारांचा कौल घेतला. आधीच्या पाहणीत 27 टक्क्यांवर असलेले दुतेर्ते 33 टक्क्यांवर गेले होते. 9 मे रोजी त्यांना 1 कोटी 66 लाख मतं मिळाली, म्हणजे 39 टक्के. इथे दुसरी फेरी नसते, सर्वाधिक मतं मिळवणारा सहा वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष. 61 टक्क्यांनी त्यांना मत दिलं नव्हतं, पण ती मतं चौघांत विभागली गेली. आणि उपराष्ट्राध्यक्षपदावर याच मतदारांनी लेनी रोब्रेडो या अत्यंत शालीन बाईंना बसवलं.

माझ्या गल्लीत एक सारी-सारी आहे, म्हणजे घरातच थाटलेलं किराणा दुकान. लोखंडी जाळीच्या खिडकीतून शाम्पूची पुडी, एखादी सुटी सिगारेट, वाटीभर व्हिनेगर असं काहीही मिळतं. मालकीणबाई दुतेर्ते यांच्याच दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटाच्या, बिसाया बोलणाऱ्या. गल्ल्यावर सांतो निन्योची, बाळ येशूची, मूर्ती. पोपना दिलेली शिवी लागली नाही का, असं मी त्यांना विचारलं. लागली, म्हणाल्या. त्या ऑस्ट्रेलियन बाईचं? तेही वाईटच. मग मत? त्यांनी बोटावर मोजायला सुरुवात केली. दर पाच महिन्यांनी नोकरी जाणारा भाचा, बंद पडणारी मेट्रो, आणि टीव्हीवर आमच्या बोलीत बोलणारा पहिला माणूस.

या तक्रारी खऱ्याच होत्या. सहा महिने भरले की कामगार कायम करावा लागतो, म्हणून पाचव्या महिन्यात घरी पाठवायचं, ही इथली सर्रास रीत. तिला ‘एन्डो’ म्हणतात. एमआरटी तीन या मेट्रोमार्गाचे डबे सारखे बंद पडत. शिवाय 2015 मध्ये मनिला विमानतळावरचे कर्मचारीच प्रवाशांच्या बॅगांत बंदुकीची गोळी टाकून पैसे उकळतात, असा बोभाटा झाला आणि परदेशी निघालेल्या मोलकरणी सामानाला प्लास्टिक गुंडाळू लागल्या. दुतेर्ते यांच्या आधीच्या बेनिग्नो अक्विनो यांच्या राजवटीत अर्थव्यवस्था वर्षाला सहा टक्क्यांच्या वर वाढत होती, पण त्या वाढीचा पत्ता या गल्लीला नव्हता. समोरचे उमेदवार मार रोहास हे एका माजी राष्ट्राध्यक्षांचे नातू, वॉर्टनमध्ये शिकलेले, सभ्य गृहस्थ. सभ्यता ही मनिलाच्या मोजक्या घराण्यांची मिरास आहे, असं दक्षिणेतल्या माणसाला वाटत आलंय. म्हणून दुतेर्ते यांची शिवी त्याला प्रामाणिकपणाची खूण वाटली.

या मतदारांना अडाणी म्हणणं ही मनिलाच्या शहाण्यासुरत्यांची घोडचूक होती. ते खरंही नव्हतं; सुखवस्तू आणि पदवीधर मतदारांतही दुतेर्ते आघाडीवर होते. पण म्हणून मतदारांना सोडूनही देता येत नाही. त्यांनी शब्द आणि माणूस वेगळे काढले. तो नुसता बोलतो, मनाने चांगला आहे, हे वाक्य मी इथे अगणित वेळा ऐकलं. सरकारी प्रवक्त्यांनीही पत्रकारांना राष्ट्राध्यक्षांचं बोलणं शब्दशः घेऊ नका, कल्पनाशक्ती वापरा, असा सल्ला दिला होता.

एका बाबतीत तरी ते शब्दशः घ्यायला हवं होतं. गुन्हेगार मारून मनिलाच्या उपसागरात टाकीन, मासे लठ्ठ होतील, असं ते प्रचारात म्हणाले होते. सत्तेवर आल्यावर अमली पदार्थविरोधी मोहिमेत पोलिसांच्याच आकड्यानुसार सहा हजारांहून अधिक माणसं मारली गेली. मानवाधिकार संघटनांचा अंदाज याच्या कितीतरी पट आहे. ऑगस्ट 2017 मध्ये कालोओकानच्या बकाल वस्तीत पोलिसांनी 17 वर्षांच्या एका शाळकरी मुलाला अंधाऱ्या बोळात नेऊन गोळ्या घातल्या. उद्या माझी परीक्षा आहे, अशी तो गयावया करत होता, असं साक्षीदारांनी सांगितलं. तीन पोलिसांना शिक्षा झाली. बहुतेक प्रकरणं न्यायालयापर्यंत पोहोचलीच नाहीत.

जून 2018 मध्ये दुतेर्ते यांनी देवालाच मूर्ख म्हटलं, तेव्हा मात्र त्यांची लोकप्रियता ठळकपणे घसरली. काही महिन्यांत ती सावरली. देवाचा अपमान लोकांना जेवढा झोंबला, तेवढी बोळांतली प्रेतं झोंबली नाहीत, हे लिहिताना मला यातना होतात. या देशावर माझा जीव आहे म्हणूनच होतात.

11 मार्च 2025 रोजी मनिला विमानतळावर दुतेर्ते यांना अटक झाली आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या आरोपाखाली त्यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आलं. दोन महिन्यांनी दावाओच्या मतदारांनी त्यांना पुन्हा महापौर केलं. त्यांना साडेसहा लाखांहून अधिक मतं मिळाली, जवळच्या प्रतिस्पर्ध्याला साधारण ऐंशी हजार. निवडून आले तेव्हा ते हेगच्या कोठडीतच होते.